ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तापमान आणि जादा ऑइल कूलर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नसराई, देवदर्शन आणि कोकण-गोव्याच्या सहलींसाठी माणसांनी व सामानाने भरलेल्या गाड्या रस्त्यावर असतात. या काळात “गिअरबॉक्सला वेगळा कूलर बसवून द्या” अशी मागणी घेऊन येणाऱ्या ग्राहकांपैकी काहींना तो खरोखर लागतो, काहींना मुळीच लागत नाही, आणि काहींच्या गाडीला तो जोडताच येत नाही. कूलर बसवणे हे आमचे उत्पन्नाचे काम असले, तरी आधी तापमान मोजावे आणि मगच खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपली गाडी कोणत्या प्रकारची ऑटोमॅटिक आहे?

‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली बाजारात निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात. मारुतीच्या एजीएससारख्या एएमटी गाड्यांमध्ये गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते. त्यातील ऑइल बाहेर आणून फिरवणारी यंत्रणाच नसल्यामुळे तेथे कूलर जोडण्याचा प्रश्न येत नाही. कोरड्या क्लचच्या डीसीटी (दोन क्लच असलेल्या) गाड्यांचीही तीच गोष्ट आहे, कारण गर्दीत तापतो तो क्लच, आणि ऑइल थंड करून त्याला काहीही फायदा होत नाही. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा व पुलींवर चालणाऱ्या यंत्रणेत, ऑइल तापते हे खरे, पण तिचे ऑइल आणि जोडणी दोन्ही वेगळी असल्याने तिच्याविषयी प्रत्यक्ष बोलणेच बरे. पुढील मजकूर टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांसाठी आहे. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एन यांची ऑटोमॅटिक मॉडेल्स या गटात मोडतात.

उष्णता कोठून येते?

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती चाकांच्या बाजूला लोखंडी जोडणीने नव्हे, तर ऑइलच्या प्रवाहाने पोहोचते. इंजिनाकडील पाती वेगाने फिरतात, गिअरबॉक्सकडील पाती थोडी मागे राहतात, आणि या दोन वेगांतील फरक जितका मोठा, तितकी शक्ती चाकांपर्यंत न पोहोचता ऑइलमध्ये उष्णता होऊन राहते. सपाट महामार्गावर गाडीने वेग पकडला की आतील लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकत्र घट्ट धरतो, फरक संपतो आणि ऑइलही निवते. म्हणूनच हैदराबाद रोडवर शंभराच्या वेगाने तासभर चालवलेल्या गाडीपेक्षा, चढावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे वीसच्या वेगाने पंधरा मिनिटे अडकलेल्या गाडीचे ऑइल अधिक तापू शकते.

तुळजापूरच्या घाटाविषयी आम्हांला नेहमी विचारले जाते. तो घाट लहान आहे. निरोगी गिअरबॉक्स तेवढ्याने अडचणीत येत नाही, आणि येत असेल तर दोष बहुधा घाटाचा नसतो. आंबोलीसारखा लांब चढ, भरलेल्या सात सीट, टपावरचे सामान, एसी आणि वाहनांची रांग हे सर्व एकत्र आले, तर मात्र गोष्ट वेगळी. टॉवेल-चादरींचे गठ्ठे भरून रोज गाडी पळवणाऱ्या व्यापाऱ्यांनीही याकडे लक्ष द्यावे.

गिअरबॉक्सचे ऑइल साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान सुखाने काम करते. त्यापुढे प्रत्येक अकरा-एक अंशांच्या वाढीला ऑइलचे आयुष्य निम्मे होते, असा या व्यवसायातील जुना ठोकताळा आहे. सुमारे १२० अंशांनंतर ऑइल जळून आतील भागांवर चिकट थर धरू लागते, व्हॉल्व्ह अडकू लागतात, रबरी सील कडक होतात, आणि दीर्घकाळ त्याहून वर राहिल्यास क्लच प्लेट घसरू लागतात. घाटात पाच मिनिटे ऑइलचे तापमान ११० वर गेले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रोजच्या प्रवासात ते तेथेच राहत असेल, तर विचार करावा.

कंपनीचा कूलर असताना दुसरा कशासाठी?

बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल रेडिएटरच्या टाकीतील नळीतून किंवा वेगळ्या छोट्या कूलरमधून फिरते आणि तेथे इंजिनाच्या कूलंटला उष्णता देते. कूलंट स्वतःच ९० अंशांच्या आसपास असल्याने ऑइल त्याच्याखाली जाऊ शकत नाही. ही मर्यादा असली तरी हिवाळ्याच्या सकाळी हाच कूलंट थंड ऑइल लवकर गरम करतो, हा त्या रचनेचा मोठा फायदा आहे. त्यामुळे तो कूलर काढून टाकण्याची मागणी आम्ही मान्य करत नाही.

येथे एक स्थानिक सवय सांगणे भाग आहे. कूलंट कमी झाले की बोअरचे पाणी ओतण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही आहे. त्या जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि इंजिन व गिअरबॉक्स दोघांचेही थंड होणे बिघडते. पुढच्या जाळीत अडकलेली धूळ आणि किडे यांचाही परिणाम तोच. निव्वळ जाळी धुऊन व योग्य कूलंट भरून तापमान खाली आलेल्या गाड्या आम्ही कूलर न बसवताच परत पाठवल्या आहेत.

आम्ही काय बसवतो आणि कसे?

आम्ही एकावर एक पट्ट्या रचलेला, म्हणजे प्लेट प्रकारचा कूलर वापरतो, कारण साध्या वळणाच्या नळीच्या कूलरपेक्षा तो तेवढ्याच जागेत अधिक उष्णता बाहेर टाकतो. तो एसी कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढील एसीच्या जाळीच्या) पुढे, वारा मिळेल तेथे, लोखंडी पट्टीच्या ब्रॅकेटवर बसवला जातो. जाळीतून प्लॅस्टिकची पट्टी ओवून कूलर बांधण्याची स्वस्त पद्धत आम्ही वापरत नाही. गाडीच्या कंपनाने तो हलत राहतो, घासून कंडेन्सरला भोक पडते आणि कधी त्याची स्वतःची नळीही फुटते. ऑइल आधी कंपनीच्या कूलरमधून आणि नंतर आमच्या कूलरमधून जाऊन गिअरबॉक्सकडे परतते. पाईप गरम ऑइलचा दाब सोसणाराच हवा. पेट्रोलचा किंवा पाण्याचा साधा पाईप काही महिन्यांत नरम पडतो, आणि तो महामार्गावर निसटला तर ऑइल सांडून गिअरबॉक्स थोड्याच वेळात निकामी होऊ शकतो.

ऑइल गरजेपेक्षा जास्त थंड होणेही चांगले नाही. ते घट्ट राहते, गिअर जड पडतात आणि लॉक-अप उशिरा लागतो. म्हणून थर्मोस्टॅटचा जोड आम्ही सोबतच बसवतो, ज्यामुळे ऑइल पुरेसे तापेपर्यंत नव्या कूलरकडे जवळजवळ वळतच नाही. सोलापूरच्या थंडीत याची काय गरज, असे काही ग्राहक म्हणतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे गाडी काढणाऱ्यांनी त्याचे उत्तर स्वतःच द्यावे.

कूलर आणि पाईप भरण्यासाठी जादा ऑइल लागते. त्याची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच तपासावी लागते आणि कंपनीने सांगितलेल्या प्रतीखेरीज दुसरे ऑइल आम्ही भरत नाही.

कूलरने काय होणार नाही?

आधीच घसरणारा गिअरबॉक्स कूलरने दुरुस्त होत नाही. ऑइल काळपट व जळका वास येणारे असेल, गिअर झटक्याने पडत असेल, तर आधी त्याचे कारण शोधावे लागेल. ऑइल गुलाबी दुधासारखे दिसत असेल तर गाडी चालू करू नये; रेडिएटरमधील नळी फुटून त्यात कूलंट मिसळल्याची ती खूण असते. गिअरबॉक्स एकदा आतून तुटला असेल, तर जुन्या कूलरमध्ये अडकलेला लोखंडाचा चुरा धुऊन पूर्ण निघत नाही, आणि तो नव्याने बांधलेल्या गिअरबॉक्समध्ये परत जातो. तेथे जुना कूलर बदलण्याचाच आमचा आग्रह असतो.

चालकाच्या हातातही बरेच आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी जागेवर तोलू नये, ब्रेक वापरावा. लांब घाटात हाताने खालचा गिअर निवडावा. गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून ‘पी’मध्ये टाकावी आणि इंजिनाचा काटा ठीक असेल तर इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहते.

गाडीची वॉरंटी शिल्लक असल्यास बाहेरचा कूलर बसवण्यापूर्वी डीलरकडून लेखी उत्तर घ्यावे. त्या उत्तराशिवाय आम्ही काम हाती घेत नाही. तापमान तपासणीसाठी गाडी थंड आणून उपयोग नाही. किमान अर्धा तास चालवून, शक्य तर नेहमीच्या वजनासह आणि दुपारच्या वेळी आणावी. स्कॅनर लावून आमचा माणूस आपल्यासोबत गाडीत बसेल आणि दिसलेले आकडे आपल्याला कागदावर लिहून देईल.