रिकाम्या खुर्चीत भूत नसतं

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एका प्रकारचे व्हिडिओ फार फिरतात. हॉलमध्ये माणसं गोल करून बसलेली, मधोमध दोन खुर्च्या. एका खुर्चीवरची बाई समोरच्या रिकाम्या खुर्चीला ओरडून काहीबाही बोलते, हमसून रडते, मग टाळ्यांचा कडकडाट. खाली पट्टी सरकते: दोन दिवसांच्या शिबिरात मनाच्या गाठी मोकळ्या, जागा मर्यादित. अशाच एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, "यात नवीन काय भो? आमच्या गावचा भगत हेच करतो, अन् तेही एका नारळात."

टोमणा झकास आहे आणि अर्धा खराही आहे. म्हणूनच त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

ती रिकामी खुर्ची लोकांपर्यंत पोचली गेस्टाल्ट थेरपी या मानसोपचार पद्धतीमुळे. गेस्टाल्ट म्हणजे जर्मनमध्ये आकृती. तिथेही ती उसनीच. मूळ कल्पना जेकब मोरेनोच्या सायकोड्रामातली, म्हणजे मनातले प्रसंग नाटकासारखे वठवून करायच्या उपचारातली. थेरपी उभी केली ती फ्रिट्झ पर्ल्स (१८९३–१९७०) आणि त्याची बायको लॉरा यांनी. दोघं जर्मन ज्यू. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये देश सोडून आधी हॉलंड, मग दक्षिण आफ्रिका आणि युद्ध संपल्यावर न्यूयॉर्क असा त्यांचा प्रवास झाला. १९५१ साली पर्ल्स, राल्फ हेफरलाइन आणि पॉल गुडमन यांचं पुस्तक आलं आणि पद्धतीला नाव मिळालं. मुखपृष्ठावर लॉराचं नाव नाही. गंमत म्हणजे नवरा-बायकोत गेस्टाल्ट मानसशास्त्राचा (सुटे तुकडे सोडून अख्खी आकृती आपल्याला कशी दिसते, हे शोधणाऱ्या शाखेचा) रीतसर अभ्यास करून डॉक्टरेट मिळवलेली होती ती लॉराच.

इतिहास एवढा पुरे. मला खरं सांगायचंय ते खुर्चीच्या मागे असलेल्या कल्पनेबद्दल. ती खुर्चीपेक्षा कितीतरी सुंदर आहे आणि व्हिडिओत ती कुणी सांगत नाही.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता भुसावळ स्टेशनाबाहेर उभे राहा. पारा पंचेचाळिशीच्या पुढे. समोर रिक्षावाले, मोबाइलची दुकानं, बॅनरवरचे भावी नगरसेवक, हातगाड्या, धूळ. डोळ्यांत हे सगळंच शिरतं, पण तुम्हाला जाणवतं काय? रसवंतीच्या चरकाचे घुंगरू. तो आवाज आणि ती हिरवी कनात बाकीच्या गलक्यातून उचलून पुढे येते. दोन ग्लास रस पोटात गेला की घुंगरू वाजतच राहतात, पण तुम्हाला ऐकू येईनासे होतात. आता दिसते यावलच्या गाडीची पाटी. ती मघाशीही तिथेच होती.

जे पुढे येतं ती आकृती, जे मागे सरतं ती पार्श्वभूमी. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिनने १९१५ मध्ये या विषयावर प्रबंध लिहिला. त्यातलं चित्र शाळेच्या पुस्तकांतूनही भेटतं: मधे फुलदाणी, नाहीतर समोरासमोर दोन चेहरे. दोन्ही एकाच वेळी दिसत नाहीत. रुबिनने आणखी एक बारकावा टिपला, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. फुलदाणी आणि चेहरा यांच्यामधली रेघ एकच असली तरी ती दोघांची कधीच नसते. फुलदाणी दिसते तेव्हा कड फुलदाणीची, चेहरे दिसतात तेव्हा चेहऱ्यांची. मागच्या भागाला त्या क्षणी आकारच नसतो, तो कडेखालून पुढे पसरल्यासारखा वाटतो.

हा नुसता डोळ्यांचा खेळ नाही. सन २००० मध्ये झाऊ, फ्रीडमन आणि फॉन डर हाइट यांनी माकडांच्या मेंदूत दृष्टीचं काम करणाऱ्या भागात अशा चेतापेशी दाखवल्या, ज्या कडेची मालकी सांगतात. पेशीसमोर रेघ तीच, जागा तीच, रंगही तोच. पण ती रेघ डावीकडच्या आकृतीची असेल तर पेशी जोरात संदेश सोडते, उजवीकडच्या आकृतीची असेल तर मंद. पेशीला दिसतो तो रेघेजवळचा चिमूटभर तुकडा, तरी चित्राच्या बाकीच्या भागात काय आहे याचा परिणाम तिच्यावर झालेला असतो. आणि हा फरक पेशीने प्रतिसाद द्यायला लागल्यापासून २५ मिलिसेकंदांच्या आत उमटतो. आपण 'मी बघतोय' म्हणेपर्यंत पुढे कोण आणि मागे कोण याचा निवाडा झालेला असतो.

पण रुबिनच्या फुलदाणीत तहान नाही. गरज या चित्रात आणली जर्मन मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनने. पहिल्या महायुद्धात सैनिक असताना त्याने १९१७ मध्ये एक छोटा लेख लिहिला. आघाडीपासून दूर असताना जी जमीन शेत आणि ओढा म्हणून दिसते, तीच आघाडीजवळ आली की आडोसा आणि धोका म्हणून दिसू लागते, असं त्यात आहे. पर्ल्सकडे हा विचार आणखी एका वाटेने आला. १९२६ मध्ये तो फ्रँकफर्टला मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइनच्या हाताखाली होता. मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना गोल्डस्टाइनचं म्हणणं असे की बिघाड एका भागात असला तरी बदलतो तो सगळा माणूस, आणि त्याच्याकडे तसंच बघायला हवं.

यातून पर्ल्स दांपत्याने जे मांडलं ते थोडक्यात असं. निरोगी मनात गरज आकृती होऊन पुढे येते, माणूस हालचाल करतो, बाहेरच्या जगाशी संपर्क होतो, गरज भागते आणि आकृती विरते. मग दुसरी. भागलीच नाही तर? ती विरत नाही. नवं काही पुढे येऊ देत नाही आणि स्वतःही स्पष्ट होत नाही. यालाच ते अपुरा राहिलेला व्यवहार म्हणत.

याचा पुरावा म्हणून ब्ल्यूमा झायगारनिकचा प्रयोग हमखास सांगितला जातो. लेविनच्या या विद्यार्थिनीने १९२७ मध्ये लोकांना वीसेक बारीकसारीक कामं दिली आणि त्यांतली निम्मी मधेच थांबवली. अर्धवट राहिलेली कामं लोकांना जवळजवळ दुपटीने आठवली. हा निकाल पुढे सगळ्यांना मिळाला नाही, काहींना तर उलटा मिळाला, आणि शिबिरवाले तेवढंच नेमकं गाळतात. तिचीच सहकारी मारिया ओव्हसियांकिना हिचं १९२८ चं निरीक्षण मात्र जास्त टिकाऊ ठरलं: मधेच थांबवलेलं काम माणसं कुणी न सांगता पुन्हा हातात घेतात. म्हणजे अपुरं काम आठवणीत राहतंच असं नाही, पण ते ओढत राहतं. मला वाटतं, थेरपीला गरज या दुसऱ्या निरीक्षणाचीच होती.

आणि एक कबूल करायला हवं. गेस्टाल्ट मानसशास्त्र आणि गेस्टाल्ट थेरपी हे सख्खे भाऊ नाहीत. मेरी हेनले या गेस्टाल्ट परंपरेतल्याच मानसशास्त्रज्ञ बाईने १९७५ मध्ये भर व्याख्यानात पर्ल्सचं हे नातं जवळपास नाकारलं होतं. दृष्टीचे नियम भावनांना जसेच्या तसे लावता येतात हे कुणी सिद्ध केलेलं नाही. मेंदूतल्या पेशी वर सांगितल्या त्या मला आवडतात म्हणून. त्या थेरपीचा पुरावा नव्हेत.

आता समजा, चोपडा तालुक्यातला एक माणूस आहे. पुण्याकडे कंपनीत होता तेव्हा वडील गेले. त्याआधी शेताच्या वाटणीवरून दोघांत चार वर्षं अबोला. आता दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागर पुजताना, पितरांसाठी आगारी टाकताना त्याचा जबडा आवळतो. आमरस-पुरणपोळीच्या ताटावरून तो कसल्याही कारणाने भांडून उठतो. विचारलं तर म्हणतो, "काही नाही, डोकं दुखस." तो खोटं बोलत नाही. त्याचं डोकं खरंच दुखतं.

इथे गेस्टाल्टवाला 'हे असं का झालं' याच्या मागे लागत नाही. तो विचारतो, आत्ता काय होतंय आणि तू ते कसं करतोयस? जबडा आवळणं हे पर्ल्सच्या भाषेत रेट्रोफ्लेक्शन: बाहेर जायला निघालेली कृती वाटेतून वळवून स्वतःवरच करणं. बापाशी भांडायचं होतं, ते भांडण दातांत अडकलं. 'मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये' हे इंट्रोजेक्शन, न चावता गिळलेलं. पर्ल्सला खाण्याचा हा विषय इतका प्रिय होता की १९३६ मध्ये मारियनबाडच्या मनोविश्लेषकांच्या परिषदेत त्याने यावरच निबंध वाचला. कुणी फारशी दाद दिली नाही. त्याच वर्षी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने त्याला दारातूनच वाटेला लावलं. फ्रॉइडशी समोरासमोर बोलायचं राहिलं, हे त्याने म्हातारपणीही स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींत मोजलं. याशिवाय प्रोजेक्शन आहे (माझा राग मला फोरमनच्या डोळ्यांत दिसतो) आणि कॉन्फ्लुअन्स आहे (घरात सगळ्यांचं मत एकच, त्यामुळे माझं कुठलं ते मलाच माहीत नाही). हे सगळं घडतं ती जागा म्हणजे मी आणि जग यांच्यामधली कड, थेरपीच्या भाषेत संपर्कसीमा. ही कड म्हणजे भिंत नव्हे. स्पर्श होतो तोही तिथेच आणि अडतो तोही तिथेच. त्यामुळे बिघाड माणसाच्या आत शोधू नये, आत-बाहेरच्या व्यवहारात शोधावा, असं ही मंडळी म्हणतात. ही ओळ पुन्हा एकदा वाचावी लागली तरी हरकत नाही. पहिल्या वाचनात ती मलाही निसटली होती.

मग खुर्ची. नीट शिकलेला थेरपिस्ट ती पहिल्या भेटीत काढेलच असं नाही. काढली तर आपला चोपड्याचा माणूस सुरुवातीला म्हणेल, "माणसाला वाईट वाटतंच ना अशा वेळी." थेरपिस्ट म्हणेल, "माणसाला की तुम्हाला?" आपल्याकडे 'मी' म्हणायचं टाळून 'आपल्याला', 'माणसाला' म्हणायची सवय केवढी आहे, हे त्या खोलीत कळतं. मग तो म्हणेल, "त्यांनी असं करायला नको होतं." उत्तर येईल, "मला नका सांगू, त्यांना सांगा." तो बोलतो. बोलता बोलता घशाशी काय होतंय तेही त्याला विचारलं जातं. मग खुर्ची बदलून तो वडिलांच्या जागी बसतो आणि तिथून स्वतःकडे बघतो. कधीकधी तिथे बसल्यावर त्याच्या तोंडून असं काही निघतं जे त्याने स्वतः आधी कधी म्हटलेलं नसतं. तिथे वडील येत नाहीत. वडिलांचं त्याच्या मनातलं चित्र जरा हलतं, एवढंच.

भगताशी फरक इथे पडतो. अंगात येतं तेव्हा बोलणारा 'मी' नसतो, दुसरंच कुणीतरी बोलतं. दोषही बाहेरचा असतो आणि तो बाहेर दाखवला जातो. सातपुड्यात नंदुरबारच्या डोंगरपाड्यांवर अशा बोटांनी डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असाच छळ थांबवण्यासाठी करावा लागला. खुर्चीसमोर गुन्हेगार ठरवायचा नसतो. तिथे वाक्य 'मी' पासूनच सुरू करायचं असतं. टोमण्याचा खरा अर्धा भाग असा: चारचौघांसमोर मनातलं मोठ्याने बोलायला जागा मिळणं, ही गरज भगताने आपल्या आधी ओळखली. त्याचं निदान मात्र चुकलं.

शिबिरवाल्यांवरही तेवढाच राग आहे माझा. आरडाओरडा, उशीवर बुक्क्या, मग 'मोकळं वाटतंय ना?' २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमनने हेच तपासलं. राग आणणाऱ्या माणसाला आठवत पंचिंग बॅगला ठोसे मारणाऱ्यांचा राग, काहीच न करणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला. म्हणजे ओरडण्याने औषध होत नाही. सँड्रा पायव्हिओ आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९९५ मध्ये अपुऱ्या राहिलेल्या नात्यांसाठी खुर्चीचा वापर तपासला, तेव्हा नुसती माहिती देणाऱ्या गटापेक्षा फायदा जास्त दिसला. पण ती एकेकट्या माणसाबरोबर कित्येक आठवडे चाललेली थेरपी होती. ग्रीनबर्गच्या कामातून असंही दिसतं की ज्यांचं प्रकरण सुटलं, त्यांनी भावना व्यक्त तर केलीच, शिवाय आपल्याला तेव्हा काय हवं होतं तेही सांगितलं, आणि समोरच्याकडे बघण्याची त्यांची नजर बदलली. एकंदरीत गेस्टाल्ट थेरपीमागचा संशोधनाचा साठा सीबीटीच्या (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीच्या) मानाने लहान आहे, हेही सांगून टाकतो.

या पद्धतीतलं मला सगळ्यांत पटलेलं वाक्य पर्ल्सचं नाही, आर्नॉल्ड बाइसरचं आहे. टेनिस खेळणारा तरुण डॉक्टर, ऐन पंचविशीत पोलिओने लुळा पडला. १९७० मध्ये त्याने लिहिलं ते असं: माणूस बदलतो तो, आहे तसा होतो तेव्हा, नाही तसं व्हायची धडपड करतो तेव्हा नव्हे. चोपड्याच्या माणसाला म्हणून कुणी 'वडिलांना माफ करा' असं सांगत नाही. त्याचा राग आहे ना, मग आधी तो रागावलेला असू दे.

लॉराचा एक मुद्दा आपल्याकडे जास्त लागू पडतो. संपर्क तेवढाच साधतो, जेवढा आधार असतो. पाय जमिनीला टेकलेले असणं, श्वास चालू असणं, घरी परत गेल्यावर कुणीतरी असणं, हे सगळं त्या आधारात येतं. साठच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेन या शिबिर-केंद्रात पर्ल्सने भर सभेत लोकांना खडसावून जी कीर्ती मिळवली, तिचीच नक्कल हॉलांमध्ये होते. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या सुनेला सासऱ्याच्या खुर्चीवर ओरडायला लावून संध्याकाळच्या एसटीने परत पाठवणं, याला थेरपी म्हणत नाहीत. भ्रम किंवा भास होत असतील, जीव द्यायचे विचार येत असतील, तर तिथे खुर्ची आधी नाहीच. आधी मानसोपचारतज्ज्ञ.

फी भरण्याआधी शिबिर घेणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात: शिक्षण कुठे आणि किती वर्षं घेतलं, आणि शिबिरानंतर एखाद्याला त्रास झाला तर बघणार कोण. कुणी स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का तेही बघावं. कुणाकडे जावं हेच कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.