‘सोलो’ म्हणजे ‘ऑफलाइन’ नव्हे : अंतराळव्यापाराच्या खेळांवरच्या मतांची पार्श्वभूमी

जून संपायला आलेला असतो, मासेमारीबंदी अर्ध्यावर असते, आणि नेमका तेव्हाच स्टीमवर, म्हणजे संगणकाचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, ‘समर सेल’ लागतो. त्यांचा समर, आपला आषाढ. गोव्यात म्हापसा-फोंड्याकडची खेळणारी पोरं त्या दिवसांत एकमेकांना दुवे धाडत असतात. त्यांत अंतराळात माल वाहायचा एखादा ‘इंडी सँडबॉक्स’ हमखास असतो, म्हणजे मोठ्या प्रकाशकाविना बनलेला, ठरावीक वाट नसलेला मोकळा खेळ. चार-सहा जणांनी बनवलेला, अजून पुरा न झालेला, आणि शंभर-दोनशे रुपयांनी उतरलेला. खाली मतं. एकाने सहाशे तास खेळून अंगठा खाली केलेला, दुसऱ्याने दीड तासात वर. न आवडणारी गोष्ट माणूस सहाशे तास कशाला करेल, असं नव्याला वाटतं. जुन्यांना वाटत नाही, कारण त्या खाली गेलेल्या अंगठ्यामागचा राग बहुतेक वेळा आधीच्या कुठल्या तरी खेळाकडून आलेला असतो.

मूळ सांगायचं तर 1974 च्या ‘स्टार ट्रेडर’पासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. तो सगळा अक्षरांत चालायचा. 1984 च्या ‘एलिट’बद्दल वाचकांना नव्याने काय सांगायचं? दोन विद्यार्थ्यांनी 32 किलोबाइटच्या संगणकात आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत 256 ग्रहमाला, आणि खेळणाऱ्याच्या हाती सुरुवातीला 100 क्रेडिट. स्वस्त मिळेल तिथून उचला, महाग जाईल तिथे उतरवा. छाती असेल तर चोरटा मालही होताच. ज्यांनी लहानपणी गोव्याच्या वेशीवर पत्रादेवीच्या नाक्यावर बसमधल्या पिशव्या तपासताना पाहिल्या आहेत, त्यांना हा हिशेब शिकवावा लागला नाही. त्यातल्या जहाजांना सापांची नावं होती: कोब्रा, पायथन, मांबा, क्रेट. क्रेट म्हणजे आपली मण्यार. हे साप पुढे पुन्हा निघतील.

मधली वर्षं भराभर ओलांडू. 1996 चा ‘एस्केप व्हेलॉसिटी’ फुकट उतरवून घेता यायचा. मुदत संपल्यावरही पैसे भरले नाहीत, की एका पोपटाच्या नावाचा कप्तान मागे लागून जहाज फोडायचा. वसुलीची इतकी गोड रीत पुन्हा कुणाला सुचली नाही. 1999 मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीने ‘एक्स’ मालिका सुरू केली. 2003 मध्ये ‘फ्रीलान्सर’ आणि ‘इव्ह ऑनलाइन’ एकाच वर्षी आले, आणि त्यानंतर मोठ्या प्रकाशकांचा या प्रकारातला रस आटत गेला. आपल्याकडे ते दिवस सायबर कॅफेचे. तिथे गोळीबाराचे खेळ चालले, व्यापाराचे नाहीत. तासाला पैसे मोजून चार खेपा धान्याच्या कोण मारणार?

खरी गोष्ट 2012 ची. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मांडवीत बार्जेस नांगर टाकून राहिल्या. नोव्हेंबरात तिकडे ब्रिटनमध्ये ‘एलिट’च्या दोन मूळ कर्त्यांपैकी एकाच्या कंपनीने नव्या ‘एलिट डेंजरस’साठी लोकांकडे वर्गणी मागितली. साठ दिवसांत साडेबारा लाख पौंड हवे होते, पंधरा लाखांच्या वर जमले. त्यापुढच्या मार्चमध्ये स्टीमवर ‘अर्ली ॲक्सेस’ आला, म्हणजे अपुरा खेळ उघडपणे विकायची सोय. या दोन गोष्टींनी खेळणाऱ्याचं स्थानच बदललं. आधी तो गिऱ्हाईक होता, आता ‘बॅकर’ झाला, खेळ हाती यायच्या आधी पैसे देऊन बसलेला. गणपतीची वर्गणी दिलेल्या माणसाला मखराबद्दल मत असतंच, तसं त्याचंही झालं. फरक इतकाच की इथे मखर दोन वर्षांनी दिसणार होतं.

आता ज्या निर्णयावर मी सगळ्यात जास्त जागा खर्च करणार आहे, त्याकडे येतो.

‘एलिट डेंजरस’च्या वर्गणीची मोहीम चालू असताना एक प्रश्न वारंवार विचारला गेला: हा खेळ इंटरनेटशिवाय चालेल का? उत्तर लिखित आलं. सर्व्हरला न जोडता एकट्याने खेळता येईल, मात्र बदलत्या आकाशगंगेतल्या घडामोडी तिथे मिळणार नाहीत. अनेकांनी त्या वाक्यावर पैसे दिले. पुढे 2014 च्या नोव्हेंबरच्या मध्यात, 16 डिसेंबरच्या प्रकाशनाला महिनाभर उरला असताना, एका वार्तापत्रात ते मागे घेतलं गेलं. तेही मथळ्यात नव्हे, प्रश्नोत्तरांसारख्या मजकुरात मध्येच कुठेतरी.

कंपनीचं म्हणणं पोकळ नव्हतं. भाव, गटांची सत्ता, शोध हे सगळं मध्यवर्ती सर्व्हरवर हलत राहतं, ते काढून टाकलं की उरलेला खेळ गोठलेला आणि अपुरा होईल, असं त्यांनी सांगितलं. चाळीस हजार कोटी ग्रहमालांचा पसारा घरच्या संगणकावर जिवंत ठेवणं अवघड, हेही पटण्यासारखं. पण गोठलेली आकाशगंगा लोकांनी 1984 पासून आनंदाने खेळली होती. तीच मिळेल असं ज्यांना आधीच लिहून दिलं होतं, त्यांना ‘ती तुम्हाला आवडणार नाही’ असं सांगणं म्हणजे भाकरी मागणाऱ्याला पक्वान्न बनत नाही म्हणून उपाशी ठेवणं. पैसे परत मागणाऱ्यांपैकी जे आधीची चाचणी आवृत्ती खेळले होते त्यांना सुरुवातीला नकार मिळाला, ओरड वाढल्यावर एकेक प्रकरण तपासू असं सांगण्यात आलं.

गोंधळ वाढवला तो शब्दांनी. खेळात शिरताना तीन दारं होती: ओपन, प्रायव्हेट ग्रुप आणि सोलो. ओपनमध्ये इतर खेळणारे दिसतात, ग्रुपमध्ये फक्त निवडलेले, सोलोमध्ये कुणीच नाही. तिन्ही दारं एकाच आकाशगंगेत उघडतात आणि तिन्हींना जोडणी लागते. म्हणजे सोलोतला माणूस एकटा असतो, पण सुटा नसतो. घरात एकटं असणं आणि घराची वायर तोडलेली असणं, एवढा तो फरक. तरी आजही कुणी ‘ऑफलाइन नाही’ म्हणून तक्रार लिहिली की खाली दुसरा शहाणा लिहितो, ‘सोलो आहे की!’ तिसरा ‘सिंगल प्लेअर’ आणतो. मग ओपनवाले म्हणतात, सोलोतले लोक न दिसता आमच्या भावांवर परिणाम करतात, हे अन्यायाचं आहे. दहाहून जास्त वर्षं झाली, तेच चालू आहे. मतं चाळताना ‘सोलो’ हा शब्द दिसला, की लिहिणारा त्याने नेमकं काय म्हणतो आहे ते आधी तपासावं.

यात मी तटस्थ नाही. 2015 च्या जुलैतली एक रात्र. बाहेर धो धो पाऊस. मी सोनं भरून स्थानकाच्या फिरत्या तोंडाशी आलेलो, परवानगी मिळालेली, चाकं खाली. इतक्यात लायट गेली. संगणक इन्व्हर्टरवर होता, राउटर नव्हता. त्याचा प्लग जुन्या बोर्डावर राहिला होता. या खेळात जोडणीच्या चुकांना रंगीत सापांची नावं दिली आहेत, मॉव्ह ॲडर, टोप कोब्रा अशी. टोप हा त्यांचा मातकट करडा रंग, आपला भाताचा टोप नव्हे. त्यांतलाच एक पडद्यावर आला. माझ्या तोंडून शिवी गेली असावी, कारण पडवीतून बाबांनी विचारलं, “किदें रे जालें?” मी म्हटलं, “साप.” तर ते काठी आणि बॅटरी घेऊन आत आले. त्यांना समजावण्यात जेवढा वेळ गेला, त्यापेक्षा कमी वेळात लायट आली.

दोष प्लगचा होता, मान्य. पण पावसाळ्याचे चार महिने तार तुटणं, फांदी पडणं, लँडलाइनची खरखर हे जिथे नित्याचं, तिथे ‘कायम जोडणी हवी’ या तीन शब्दांचं वजन वेगळं पडतं. लंडनहून लिहिलेल्या समीक्षेत ती ओळ शेवटी असते. आमच्याकडे पोरं ती आधी शोधतात.

2016 च्या ऑगस्टमध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा अंतराळातल्या भटकंतीचा खेळ आला आणि ‘इंडी’ या शब्दाची पुरती ओढाताण झाली. जेमतेम पंधरा माणसांचा चमू, पण जाहिरातीचं व्यासपीठ जगातल्या बड्या कन्सोल कंपनीचं आणि किंमत साठ डॉलर. चमूकडे बघितलं तर इंडी, पावतीकडे बघितलं तर नाही. पहिल्याच दिवसांत दोन खेळणारे ठरवून एकाच ग्रहाच्या एकाच जागी पोचले आणि एकमेकांना दिसले नाहीत. एकत्र खेळणं होणार की नाही याचं उत्तर आधी धूसर ठेवलं गेलं होतं, त्या दिवशी ते मिळालं. ब्रिटनच्या जाहिरात-नियामकाने तक्रारी तपासून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिशाभूल झाली नाही असं ठरवलं. खेळणाऱ्यांनी मात्र आपला निकाल दिला होता. पुढे फुकट सुधारणा येत राहिल्या, 2018 च्या जुलैत खरोखर एकत्र खेळता येऊ लागलं, आणि स्टीमवरचा एकूण शेरा वर चढत 2021 मध्ये ‘बहुतांशी सकारात्मक’ आणि 2024 च्या अखेरीस ‘खूप सकारात्मक’ झाला. 2016 मध्ये दिलेले शेकडो शिव्याशाप त्याच यादीत अजून आहेत. त्यांतला खेळ आता अस्तित्वात नाही, तरी मत मोजलं जातं.

ही मोजणी कशी होते, तेही इथे येतं. स्टीमवर मत म्हणजे वर किंवा खाली अंगठा, मधलं काही नाही. 40 ते 69 टक्के वर असले की ‘संमिश्र’. सत्तरी गाठली की सूर बदलतो. त्यात 2015 च्या जूनपासून पैसे परत मिळण्याची सोय आली: चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. मारधाडीच्या खेळाला दोन तास पुरतात. व्यापाराच्या सँडबॉक्समध्ये दोन तासांत माणूस धड स्थानकात शिरायला शिकत नाही. त्यामुळे छोटे निर्माते पहिले दोन तास गोड करायच्या मागे लागले, आणि सहाशे तासांनी काय उरतं तो प्रश्न मागे पडला. सुरुवातीच्या त्या दोन मतांचं कोडं बरंचसं इथेच सुटतं. त्याच वर्षाच्या अखेरीस किमती रुपयांत दिसू लागल्या आणि आपल्याकडच्या पोरांचीही मतं यादीत येऊ लागली. त्याआधी डॉलरचा आकडा आणि परदेशी व्यवहार चालणारं कार्ड, हेच दोन अडथळे पुरेसे होते.

‘सँडबॉक्स’ या शब्दाबद्दलही दोन वाक्यं. वाळूची पेटी म्हणजे खेळणी आपण आणायची. निर्माते तो शब्द ‘स्वातंत्र्य’ म्हणून वापरतात, नाराज खेळणारे ‘करायला काही नाही’ म्हणून, आणि दोघेही त्याच खेळाबद्दल बोलत असतात.

आमच्यात डिचोलीच्या खाणपट्ट्यातले एक गृहस्थ आहेत, एके काळी त्यांचे दोन टिप्पर होते. 2013 मध्ये आलेल्या ‘एक्स रिबर्थ’वर त्यांचा फार राग. मालिकेत आधी हवं ते जहाज चालवता यायचं, त्यात एकच दिलं होतं, आणि तो निर्णय आजही त्या खेळावरच्या मतांचं पहिलं वाक्य असतो. पण 2018 चा ‘एक्स 4’ त्यांनी मनापासून खेळला. त्यात माल हवेतून येत नाही. कारखान्याला एक कच्चा माल कमी पडला की तो थांबतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेला पुढचाही. मार्च 2018 मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर खाणी दुसऱ्यांदा थांबल्या, तेव्हा ट्रकमागे गॅरेज, टायरवाला, खानावळ अशी रांग कशी थंडावली हे त्यांनी पाहिलं होतं. “बाकीच्या गेमांत खाण कधी बंदच पडत नाही रे,” असं ते म्हणायचे. ‘अर्थव्यवस्था खरी वाटत नाही’ असं एका ओळीचं मत इंग्रजीत शेकड्यांनी सापडतं. त्यांनी अंगठाही कधी दिला नाही, त्यांचं खातं भाच्याच्या नावावर आहे.

अलीकडचं थोडक्यात. ‘एलिट डेंजरस’ची 2021 ची पायी चालण्याची विस्तार-आवृत्ती आल्या आल्या झोडपली गेली. 2025 च्या फेब्रुवारीत ग्रहमाला वसवण्याची सोय आली, आणि एक स्थानक उभारायला हजारो टन माल वाहताना निम्मे लोक खूष, निम्मे म्हणतात की ही हमाली आहे. ‘ओलाइट’ आणि ‘एंडलेस स्काय’ हे फुकटचे खेळ या सगळ्यात शांतपणे चालू आहेत. त्यांवर फारशी भांडणं होत नाहीत, कारण कुणी पैसे दिलेले नाहीत. शिवाय ते नेटशिवाय चालतात, हे माझं लाडकं कारण.

2014 चा तो प्रश्न मात्र दुसऱ्या दाराने परत आला आहे. 2024 च्या मार्चअखेर ‘द क्रू’ या गाड्यांच्या खेळाचा सर्व्हर बंद झाला आणि विकत घेतलेला खेळ सुरूच होईना. त्यातून युरोपात सह्यांची मोहीम उभी राहिली: विकलेला खेळ कंपनीने सोडून दिल्यावरही चालता राहिला पाहिजे. 2025 च्या जुलैत तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे त्या महिन्यात नेहमीप्रमाणे पाऊस होता. राउटरचा प्लग मी एव्हाना इन्व्हर्टरच्या बोर्डावर हलवला आहे.