खुंट्या काढा, घर हलवा

इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी घरांबद्दल एक समज काही केल्या मरत नाही: त्यांच्या तुळया म्हणे मोडीत काढलेल्या जहाजांच्या. पुरावा काय, तर वाकडी लाकडं आणि कशालाच न जोडलेल्या रिकाम्या खाचा. परवा एका पर्यटन-व्हिडिओत हे पुन्हा ऐकलं आणि राहवेना. वर्षानुवर्षं वाळलेलं ओक पटाशीला दाद देत नाही. मध्ययुगीन सुतार ते ओलंच कापायचे, ओलंच जोडायचे. वाकडं लाकूड वाकड्या झाडाचं असतं, आणि रिकामी खाच बहुतेकदा नंतर कुणीतरी काढून टाकलेल्या भिंतीची.

हे ओलं लाकूड समजलं की 'बे-लीफ' हे शेतकऱ्याचं घर जागचं कसं हललं तेही समजतं. वर्षवलयांवरून त्याचा जुना भाग १४०५ ते १४३० च्या दरम्यानचा ठरतो. १९६० च्या दशकात केंट परगण्यात बाउ बीचचा जलाशय झाला आणि घर बुडीत क्षेत्रात आलं. कोयना-उजनीच्या पट्ट्यातल्या वाचकांना पुढचं सांगायला नको. पण बे-लीफ बुडालं नाही. १९६८-६९ मध्ये ते सुटं केलं गेलं आणि ससेक्समधल्या सिंगलटन गावी, वील्ड अँड डाउनलँड या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभं राहिलं.

ते घर एकदा आधीच हललेलं होतं! अशा घराचा सांगाडा सुतार आपल्या आवारात जमिनीवर आडवा मांडून जुळवायचा, मग सोडवायचा आणि जागेवर नेऊन उभा करायचा. कुठलं लाकूड कुठं, हे कळावं म्हणून जोडांवर रोमन आकडे कोरायचा. त्यात चार हा बऱ्याचदा सरळ चार रेघांचा असे, कारण लाकूड उलटं धरलं की IV आणि VI मध्ये घोळ होतो. या रेघांना भुताखेतांविरुद्धचे मंत्र समजणारे आजही भेटतात. तसल्या खुणा काही जुन्या घरांत असतात खऱ्या, पण या मात्र निव्वळ हिशेबाच्या.

आता माझा आवडता भाग, खुंटी. एका लाकडाच्या टोकाला कुसू, दुसऱ्यात खाच, आणि दोन्हींतून आरपार जाणारी लाकडी खुंटी. सुतार कुसवातलं भोक मुद्दाम तीन-चार मिलिमीटर सरकवून पाडतो, खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होतो त्या बाजूला. निमुळती खुंटी ठोकली की ती भोकं एका रेषेत यायला बघतात आणि कुसू आत ओढला जातो. शिवाय खुंटी वाळलेली, सांगाडा ओला. पुढची काही वर्षं लाकूड वाळताना खुंटीला आवळत जातं.

आवळतं कसं? लाकडाची पेशी म्हणजे लांबट नळी. आधी नळीच्या पोकळीतलं पाणी जातं, त्यानं लाकूड फक्त हलकं होतं. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली गेला की पेशीभित्तिकेतलं पाणी निघू लागतं आणि खरं आकसणं तेव्हा सुरू होतं. भित्तिकेतले सेल्युलोजचे तंतू बहुतांशी नळीच्या लांबीला धरून असतात. मधलं पाणी गेलं की ते एकमेकांजवळ सरकतात, पण त्यांची लांबी तेवढीच राहते. त्यामुळे ओक पूर्ण वाळलं तर लांबीत जेमतेम ०.१ टक्का आकसतं, त्रिज्येच्या दिशेनं, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे, सुमारे ४ आणि वलयांच्या दिशेनं ८ टक्के. त्रिज्येच्या दिशेनं कमी, कारण गाभ्यातून बाहेर जाणारे पेशींचे पट्टे त्या बाजूनं अडवतात. गोल भोक यामुळे अंडाकृती होतं, चौकोनी तुळई तिरकी होते. पाचशे वर्षांत प्रत्येक जोड आपल्या जोडीदारापुरताच बेताचा होऊन बसतो. म्हणून सुटं करताना प्रत्येक लाकडाला नंबर लागतो.

'एकही खिळा न वापरता' हे ऐकून भारावणाऱ्यांसाठी: लोखंड महाग होतं आणि ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य ओल्या लाकडात खिळा खाऊन टाकतं. चमत्कार वगैरे काही नाही.

खुंटी निमुळत्या बाजूनं ठोकली की बाहेर येते, निदान यायला हवी. अडली तर गिरमिटानं पोखरायची. जमिनीलगतची कुजलेली टोकं कापून तिथं नवं ओक जोडतात. पण दुसऱ्या खेपेला जुनं लाकूड आकसणार नसतं, त्यामुळे आवळण्याची सगळी भिस्त त्या सरकवलेल्या भोकावर. काटक्या आणि मातीच्या भिंतींना नंबर घालता येत नाहीत, त्या नव्यानंच लिंपाव्या लागतात.

आपल्याकडचे वाडेही खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांच्या, हिशेबानं उभे केलेले लाकडी सांगाडेच. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष पुण्याच्या केळकर संग्रहालयात पुन्हा उभारलेले आहेत. साग तर ओकपेक्षाही कमी आकसतो, म्हणजे सुटं करून जोडायला उलट सोपा. पाडकामात मात्र तेच खांब-तुळया सुट्या विकल्या जातात, आणि कुठल्या खणातलं लाकूड कुठलं याची नोंद कुणी ठेवत नाही.