ऑपरेटिंग सिस्टीमची दुरुस्ती व पुनर्स्थापना

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बिघडल्यावर ती पुन्हा चालती करण्यासाठी योजलेले उपाय. दुरुस्तीत बिघडलेला भाग तेवढा नीट करतात. पुनर्स्थापनेत सिस्टीम आधीच्या चांगल्या स्थितीला परत नेतात. ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकणे’ हा उपाय सर्रास केला जातो, पण एरवी त्याची पाळी सर्वांत शेवटी यायला हवी.

अर्धवट राहिलेले अपडेट, चुकीचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम), मध्येच गेलेली वीज, व्हायरस ही बिघाडाची नेहमीची कारणे. डिस्क स्वतःच खराब होत आली आहे का, हे मात्र आधी पाहावे. अशा डिस्कवर चेकडिस्कसारखे, डिस्कमधल्या चुका शोधून नीट करणारे साधन चालवले तर तिच्यावरचा ताण वाढतो आणि वाचण्याजोगा डेटाही हातचा जाऊ शकतो. म्हणून पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न बसवता चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) सुरू करून फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. विंडोज सुरू होत नसली तरी हे बहुधा जमते.

सिस्टीमला आधीच्या स्थितीला नेणारी सिस्टीम रिस्टोर ही सोय २००० साली विंडोज एमई या आवृत्तीत आली. रिस्टोर पॉइंटमध्ये, म्हणजे त्या-त्या वेळच्या स्थितीच्या नोंदीत, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा), ड्रायव्हर आणि सिस्टीमच्या फायली जपल्या जातात. पुसले गेलेले फोटो त्यातून परत मिळतील ही समजूत चुकीची आहे. तो बॅकअप नव्हे. शिवाय विंडोज १०मध्ये ही सोय अनेक संगणकांवर मुळात बंद असते, त्यामुळे ती आधीच चालू करून ठेवावी लागते. एसएफसी ही आज्ञा सिस्टीमच्या फायली तपासते आणि बिघडलेल्या फायलींच्या जागी साठ्यातल्या चांगल्या प्रती ठेवते. तो साठाच बिघडला असेल तर एसएफसीचे काही चालत नाही. तेव्हा आधी डिझम या दुसऱ्या आज्ञेने साठा दुरुस्त करावा, मग एसएफसी पुन्हा चालवावी.

मॅकमध्ये २०११च्या लायन आवृत्तीपासून डिस्कवर दुरुस्तीसाठी वेगळे रिकव्हरी विभाजन (डिस्कचा राखून ठेवलेला भाग) असते. लिनक्समध्ये लाइव्ह माध्यमावरून मूळ सिस्टीममध्ये शिरून ग्रब, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम, पुन्हा बसवता येतो. फाइल सिस्टीम तपासणारे एफएससीके मात्र विभाजन अनमाउंट करूनच, म्हणजे वापरातून सोडवूनच, चालवावे.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच भागांसह सुरू करून) एक फाइल काढून टाकायची. पण सुरूच न होणाऱ्या संगणकाला दुरून हात लावता येत नव्हता. बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्यक्ष यंत्रापुढे बसावे लागले, आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी कीही हुडकावी लागली. ही की त्याच संगणकात ठेवलेली असेल तर ऐनवेळी तिचा उपयोग नाही.

रूटकिटसारखा, स्वतःला लपवून ठेवणारा व्हायरस सिस्टीमच्या गाभ्यात शिरला असेल, तर मात्र दुरुस्तीच्या नादी न लागता डिस्क पूर्ण पुसून सिस्टीम नव्याने टाकावी. तिथे तपासणीची साधने देत असलेल्या उत्तरांवरही भरवसा ठेवता येत नाही.