वादळ गेलं, भिंत अजून ओलीच आहे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता. उडालेले पत्रे आणि आडव्या झालेल्या पोफळी लगेच नजरेत भरतात. उभ्या राहिलेल्या भिंतीकडे मात्र अशा वेळी कोण बघतो?

ताशी ११० किलोमीटरचा वारा भिंतीच्या दर चौरस मीटरवर साधारण ५७ किलोचा दाब देतो. वेग निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो, म्हणून रोजच्या वाऱ्यावरून वादळाचा अंदाज येत नाही. वाऱ्याच्या पाठीमागची भिंत तर बाहेरच्या बाजूला ओढली जाते. त्यातच छप्पर उडालं, की भिंतीच्या माथ्याचा आधारही जातो. तेव्हा पाऊस थांबल्यावर आधी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंतीलगत सोडून बघावा. भिंत कललेली किंवा फुगलेली दिसली, तर तिच्याजवळ झोपू नये आणि जाणकार इंजिनिअरला दाखवावं.

आता पाणी. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला फार तर नऊ मीटर वेगाने खाली येतो आणि हा वारा त्याला सेकंदाला तीस मीटरने आडवा नेतो. पाऊस जवळजवळ आडवाच लागतो, छपराची कड कितीही पुढे काढा. शिवाय ५७ किलोचा तो दाब पाण्याला साधारण पावणेसहा सेंटिमीटर वर चढवू शकतो. खिडकीच्या उंबऱ्यावरून पाणी ‘उलटं’ आत आलं, असं लोक सांगतात, ते खोटं नसतं.

कोकणातला चिरा, म्हणजे जांभा दगड, मुळात सच्छिद्र. हे पाणी तो पिऊन घेतो, आणि समुद्रावरून उडालेलं मीठही त्याबरोबर आत जातं. ओल बाहेर पडताना मिठाचे स्फटिक पृष्ठभागालगत वाढतात आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. अशा ओल्या चिऱ्यावर घाईने सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला, की ओल आतच कोंडते. माझ्या मते वादळानंतरची सगळ्यात महागडी चूक हीच. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, पण त्यालाही कोरडी भिंत लागते, आणि जूनमध्ये ती कुठून आणायची?

म्हणून पावसाळाभर झावळ्यांची झापं किंवा ताडपत्री भिंतीपासून चार बोटं दूर बांधावी, म्हणजे आतून वारा खेळेल. पंचनाम्यासाठी फोटो आधीच काढून ठेवावे. गिलाव्यावर काठीने टिचकी मारत जावं. आवाज पोकळ आला तिथे तो सुटलेला आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग दिसली, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी.

ऑक्टोबरच्या उन्हात भिंत हाताला कोरडी लागली आणि भेग त्याच रेघांच्या आत राहिली असेल, तर गवंड्याला बोलवायला हरकत नाही.