व्हेइकल-टू-लोड : विद्युत मोटारीच्या बॅटरीवर घरगुती उपकरणे

विद्युत मोटारीच्या मुख्य बॅटरीतली वीज २३० व्होल्टच्या एसी प्रवाहात बदलून तिच्यावर पंखे, फ्रिज, दिवे, मिक्सर अशी उपकरणे चालवण्याच्या सोयीला व्हेइकल-टू-लोड किंवा थोडक्यात व्ही-टू-एल म्हणतात. यात गाडीला सॉकेट जोडून त्यावर थेट उपकरण लावतात. हीच वीज घराच्या वायरिंगला दिली तर ते व्ही-टू-एच, म्हणजे व्हेइकल-टू-होम, आणि वीज कंपनीच्या जाळ्यात परत सोडली तर व्ही-टू-जी, म्हणजे व्हेइकल-टू-ग्रिड. तिन्ही नावे एका दमात घेतली जातात, पण त्यांना लागणारी यंत्रणा, परवानग्या आणि त्यांतले धोके वेगवेगळे आहेत. भारतात सामान्य ग्राहकाच्या हाती आज आलेले आहे ते व्ही-टू-एल.

घरोघरी इन्व्हर्टरला जोडलेली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १.८ युनिट वीज साठवते. (एक किलोवॉट-तास म्हणजे लाइट बिलावरचे एक युनिट.) टाटा नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत ४५ युनिट मावतात, म्हणजे तशा पंचवीस बॅटऱ्यांइतका साठा. पण टाकी मोठी असली तरी तोटी लहान आहे. एका वेळी बाहेर येणारी वीज बहुतेक गाड्यांत ३.३ ते ३.६ किलोवॉटच्या आसपास अडते. घरात काय चालेल आणि काय नाही, हे साठ्यापेक्षा या मर्यादेवरच ठरते.

कार्य

गाडीची बॅटरी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज देते, बहुतेक मोटारींत ३०० ते ४०० व्होल्टच्या दरम्यान. ह्युंदाई आयोनिक ५ सारख्या काही गाड्यांत हा दाब त्याहून बराच जास्त असतो. घरी चार्ज करताना गाडीतला ऑन-बोर्ड चार्जर सॉकेटमधल्या एसीचा डीसी करतो. त्यातल्या, वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडच्या जागी दोन्ही दिशांनी नियंत्रित करता येणारे ट्रान्झिस्टर बसवले, की तोच चार्जर उलट दिशेने इन्व्हर्टर म्हणून काम करतो. म्हणूनच ज्या गाडीत असा द्विदिश चार्जर नाही, तिला नुसता अडॅप्टर विकत आणून काही उपयोग होत नाही. ऑनलाइन अडॅप्टर मागवण्याआधी आपल्या गाडीच्या नेमक्या व्हेरिअंटमध्ये ही सोय आहे का, हे पाहायलाच हवे. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये ती अनेकदा नसते.

अडॅप्टर चार्जिंगच्या टाइप-२ पोर्टमध्येच बसतो. बहुतेक गाड्या त्यातल्या ठरावीक रोधावरून ओळखतात, की समोर चार्जर नसून लोड आहे. बॅटरी किती टक्क्यांवर आली की पुरवठा थांबवायचा, हे सहसा आधी ठरवून ठेवता येते. ही मर्यादा आठवणीने ठेवावी. वादळी रात्री दवाखान्यात जायची वेळ आली, तर तीच गाडी चालवायची असते.

मोटरवर चालणारी उपकरणे सुरू होताना आपल्या नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात. विहिरीवरचा किंवा बोअरचा दीड अश्वशक्तीचा पंप कागदावर १.१ किलोवॉटचा, पण सुरू होण्याच्या क्षणी तो पाच-सहा पट प्रवाह मागतो आणि गाडी पुरवठा तोडते. फ्रिजची मोटर लहान असल्याने निभावते. इन्व्हर्टर प्रकारचा एसी हळूहळू वेग घेतो, त्यामुळे दीड टनाचा एसीही या मर्यादेत बसतो. गीझर आणि इंडक्शन शेगडी मात्र एकाच वेळी लावू नयेत. दोघांची बेरीज सहज ४ किलोवॉटवर जाते.

किती दिवस पुरते?

एका मध्यम कुटुंबाचा लाइट गेल्यावरचा हिशेब मांडू. ७५ वॅटचे तीन पंखे दहा तास चालले तर सव्वादोन युनिट. फ्रिजला दिवसाला साधारण एक युनिट. सहा एलईडी दिवे, टीव्ही, राउटर आणि मोबाइल मिळून आणखी पाऊण-एक. म्हणजे रोजची चार युनिट. ४५ युनिटच्या बॅटरीत २० टक्के राखून ठेवले तर ३६ उरतात, आणि नुसता भागाकार केला तर नऊ दिवस निघतात.

प्रत्यक्षात इतके मिळत नाहीत. डीसीचा एसी होताना काही वीज उष्णतेत जाते. शिवाय पुरवठा चालू असताना गाडीची स्वतःची यंत्रणा जागी असते आणि तीही बॅटरीवरच जगते. हा खर्च १५० वॅट धरला, तरी चोवीस तासांत ३.६ युनिट होतात, म्हणजे जवळजवळ घराइतकेच! एक राउटर आणि दोन दिवे लावून गाडी दिवसरात्र चालू ठेवणे त्यामुळे तोट्याचे. फ्रिज सकाळ-संध्याकाळ काही तास चालवावा, त्याच वेळात मोबाइल चार्ज करावेत, घरातली इन्व्हर्टरची बॅटरी भरून घ्यावी आणि पुरवठा बंद करावा. रात्रीचे दिवे-पंखे इन्व्हर्टरवर चालतात. असे केले तर एक चार्ज आठवडाभर पुरवणे अवघड नाही.

जपानमधील सुरुवात

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर ईशान्य जपानमध्ये पेट्रोलची तीव्र टंचाई झाली. अनेक भागांत वीज आधी आली, पेट्रोल नंतर. त्यामुळे निस्सान आणि मित्सुबिशीने दिलेल्या विद्युत मोटारी मदतकार्यात धावू शकल्या. पण जिथे वीज आली नव्हती, तिथे भरलेली बॅटरी गाडीत असूनही तिच्यावर भाताचा कुकर लावायची सोय नव्हती. एप्रिल २०१२ मध्ये मित्सुबिशीने आय-मीव्ह गाडीसाठी १०० व्होल्ट, १,५०० वॅटची पेटी बाजारात आणली. त्याच वर्षी निस्सान लीफसाठी निचिकॉन कंपनीचे ६ किलोवॉटचे यंत्र आले. ते घराच्या वितरण फलकालाच जोडलेले होते, म्हणजे ते खरे व्ही-टू-एच. लीफची बॅटरी २४ युनिटची होती आणि ती जपानी घराला सुमारे दोन दिवस पुरेल, असे निस्सानचे म्हणणे होते. जपानच्या चाडेमो चार्जिंग पद्धतीत वीज दोन्ही दिशांनी नेण्याची तरतूद लवकर झाली. इतर देश मागे राहिले, त्याचे हे एक मोठे कारण.

मोटारींनी ग्रिडला आधार द्यावा, ही कल्पना त्याहून जुनी. विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्र या अमेरिकी संशोधकांनी ती १९९७ मध्ये मांडली होती.

या सोयीचे मोल कळते ते अडचणीच्या वेळी. २०२३ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट भागात वादळाने वीज गेली, तेव्हा एका आईने आपल्या मुलाचे डायलिसिसचे यंत्र बीवायडी अ‍ॅटो ३ गाडीवर चालवले.

भारत आणि महाराष्ट्र

जानेवारी २०२३ मध्ये भारतात आलेल्या आयोनिक ५ मध्ये ३.६ किलोवॉटचे व्ही-टू-एल होते, पण ती महागडी गाडी. सप्टेंबर २०२३ च्या नव्या नेक्सॉन ईव्हीने ३.३ केव्हीएची (ढोबळमानाने तितक्याच किलोवॉटची) सोय मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणली. त्यानंतर टाटा कर्व्ह ईव्ही, ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक, एमजी विंडसर प्रो यांतही ती आली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे काही आठवडे अंधारात राहिली. पहिली नेक्सॉन ईव्ही त्याच वर्षी जानेवारीत आली होती, पण तिच्यातून वीज बाहेर काढता येत नव्हती. किनारपट्टीच्या तालुक्यांत आज ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे, त्यांनी पावसाळ्याआधी अडॅप्टर आणि योग्य वायर घरात आणून ठेवावी.

घराला जोडताना

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून गाडीची वीज घरातल्या एखाद्या सॉकेटमध्ये खोचणे. मेन स्विच चालू राहिला, तर ही वीज मीटरमधून बाहेर पडते आणि उलट दिशेने डीपीपर्यंत पोहोचते. तिथला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी काम करतो. त्यामुळे पलीकडच्या बंद समजलेल्या तारेवर ११ हजार व्होल्ट येऊ शकतात, आणि त्या वेळी खांबावर आपलाच वायरमन असतो. मेन बंद केला आहे ना, या भरवशावरही हे करू नये. हातात धरलेली उघडी पिन तेवढीच जीवघेणी असते.

काही सर्किट गाडीवर घ्यायचीच असतील, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणारच नाहीत, हे त्याचे काम. अर्थिंगचाही प्रश्न आहे. बऱ्याच गाड्यांच्या आउटपुटमध्ये न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो, आणि अशा वेळी घरातला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) अपेक्षेप्रमाणे तुटेलच असे नाही. छतावर सोलर असेल तर जास्त जपावे. साधा ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाइट गेली की आपोआप बंद होतो. घराला गाडीची वीज मिळाली, की तो ग्रिड आली असे समजून सुरू होऊ शकतो आणि सोलरची वीज गाडीकडे ढकलू शकतो. व्ही-टू-एल त्यासाठी बनवलेले नाही. सोलरचे सर्किट पूर्ण वेगळे ठेवावे.

थेट सॉकेटवर उपकरण लावणे यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. ३.३ केव्हीए म्हणजे १४ अँपिअरहून जास्त प्रवाह. त्याला दुकानातला ६ अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. १६ अँपिअरचे सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी आणि ती पूर्ण उलगडून वापरावी. गुंडाळी तशीच ठेवली तर आतून तापते. पावसात जोड उघड्यावर राहू देऊ नये.

बॅटरीवर परिणाम

बॅटरी लवकर खराब होईल ही भीती नेहमी व्यक्त होते. ४५ युनिटच्या बॅटरीतून ३ किलोवॉट काढणे हा फार हलका वापर आहे. घाट चढताना मोटर त्याच्या दहा-वीस पट मागते. अधूनमधून लाइट गेल्यावर वापरले तर काळजीचे कारण नाही. रोजच्या वापराची गोष्ट वेगळी. भरताना आणि काढताना दोन्ही वेळा वीज वाया जाते, चार्जिंगची आवर्तने वाढतात, आणि काही उत्पादक अशा वापरावर वॉरंटीत अटी घालतात. दिवसा आणि रात्री दर वेगळे नसतील, तर रोज गाडीवर घर चालवून पैसे वाचत नाहीत.