आयर्लंडमधील इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रांची साठवण व विल्हेवाट

आयर्लंड सरकारने विकत घेतलेली सुमारे ७,५०० इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रे २००४ ते २०१२ या काळात एकाही निवडणुकीत न वापरता गोदामांत ठेवली आणि अखेर भंगारात काढली. खरेदी, साठवण व इतर बाबी धरून हा खर्च साडेपाच कोटी युरोंच्या आसपास गेला.

आयर्लंडमध्ये एकल संक्रमणीय मतपद्धती आहे. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि मतांच्या हस्तांतरणामुळे हाताने केलेली मोजणी कधीकधी काही दिवस चालते. यंत्रांनी हा वेळ वाचेल, असा सरकारचा हिशेब होता. नेडॅप या डच कंपनीची यंत्रे निवडून मे २००२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत डब्लिन नॉर्थ, डब्लिन वेस्ट आणि मीथ येथे त्यांची चाचणी झाली. (मूळचे मालवणजवळच्या वराडच्या कुटुंबातले लिओ वराडकर पुढे २००७ मध्ये डब्लिन वेस्टमधूनच संसदेत गेले.) डब्लिन नॉर्थमध्ये माजी न्यायमंत्री नोरा ओवेन यांना आपला पराभव थेट व्यासपीठावरून झालेल्या घोषणेतूनच कळला. हातमोजणीत उमेदवाराला वाऱ्याची दिशा आधीच समजते. इथे ती सोय नव्हती, आणि हा प्रसंग लोकांच्या चांगलाच लक्षात राहिला.

खरा आक्षेप मात्र वेगळा होता. मताची कागदी नोंद राहत नसल्याने फेरतपासणीला आधारच नव्हता. मार्च २००४ मध्ये नेमलेल्या आयोगाने दोन महिन्यांतच, सॉफ्टवेअरची अंतिम आवृत्ती पुरेशी तपासता न आल्याने, ही पद्धत वापरण्याची शिफारस करता येत नाही असे कळवले. जूनच्या स्थानिक व युरोपीय निवडणुकांसाठी ठरलेला वापर एप्रिलअखेर रद्द झाला. यंत्रे तोवर खरेदी करून झाली होती. आधी खरेदी आणि मग तपासणी, हा उलटा क्रमच पुढच्या सगळ्या खर्चाच्या मुळाशी आहे.

यंत्रे देशभरातील निवडणूक अधिकाऱ्यांच्या ताब्यात होती. जागा ज्याने त्याने आपापल्या भागात भाड्याने घेतली. काही करार तर वीस-पंचवीस वर्षांचे होते. भाडे, विमा, देखभाल मिळून वर्षाला सात लाख युरोंच्या घरात रक्कम जाई. २००६ मध्ये आयोगाने दुसऱ्या अहवालात यंत्रे दुरुस्त्यांसह चालतील, पण निवडणूक-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर बदलावे लागेल, असे म्हटले. त्यामुळे यंत्रे वापरायचीही नाहीत आणि टाकायचीही नाहीत, अशी त्रिशंकू अवस्था झाली. २००७ मध्ये निम्म्याहून अधिक यंत्रे मीथ परगण्यातील गॉर्मनस्टन लष्करी छावणीत हलवल्यावर भाड्याचा बोजा उतरला. तरी केवळ साठवणीवर एकूण तीस लाख युरोंहून अधिक पैसे गेले.

दरम्यान नेदरलँड्समध्ये २००६ साली कार्यकर्त्यांनी नेडॅपच्याच यंत्रातले सॉफ्टवेअर बदलून त्यावर बुद्धिबळ खेळून दाखवले आणि तो देशही लवकरच कागदी मतपत्रिकेकडे वळला. साहजिकच जुन्या यंत्रांना गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले. एप्रिल २००९ मध्ये पर्यावरणमंत्री जॉन गॉर्मली यांनी प्रकल्प गुंडाळल्याचे जाहीर केले, तरीही विल्हेवाट लागायला आणखी तीन वर्षे गेली. अर्थमंत्री मायकेल नूनन यांनी तर ही यंत्रे जगभरच्या आयरिश धाटणीच्या पबमध्ये शोभेला ठेवता येतील, असे थट्टेने सुचवले होते.

जून २०१२ मध्ये ऑफली परगण्यातील टलामोरच्या केएमके मेटल्स रिसायकलिंग या कंपनीने ट्रॉल्या आणि टेबलांसकट सगळा माल ७०,२६७ युरोंना उचलला. यंत्रामागे साडेनऊ युरोही पडले नाहीत.